कागदावर सोळा

फिलिप उजागरे सर माणसाच्या तोंडाकडे शेवटी बघायचे. आधी पाय, मग खांदे, मग मनगट, आणि एवढं सगळं बघून झालं की तोंड. भिंगारच्या जुन्या बाजारात एखादी नवी भाजीवाली दिसली तरी मेथी निवडता निवडता हे तिला सांगून मोकळे व्हायचे की बाई, तुझा डावा घोटा लहानपणी मोडलेला आहे आणि नीट बसलेला नाही. भाजीवाली थक्क, आणि मरियमबाई, म्हणजे सरांची बायको, पिशवी धरून शरमेनं अर्ध्या झालेल्या. लोकांची लेकरं काय बैल आहेत का, बाजारात उभं राहून तपासायला, असं त्या घरी येऊन सुनवायच्या. सर हसायचे. छत्तीस वर्षं मिशनच्या शाळेत पी.टी. शिकवलेल्या माणसाची सवय, ती काय रिटायर होते थोडीच.

पण सरांचं खरं नाव झालं ते रिटायर झाल्यावर, आणि तेही बेसबॉलमुळे. आता तुम्ही हसाल. नगर जिल्ह्यात कुस्ती कळते, कबड्डी कळते, क्रिकेट तर पाळण्यातलं पोरही खेळतं. हा बेसबॉल कुठून उपटला? पण शाळांच्या स्पर्धांत तो कित्येक वर्षांपासून आहे. त्याचं प्रमाणपत्र खेळाडूंच्या कोट्याला चालतं, आणि त्या कोट्यातून एखादं पोरगं पोलिसात लागलं की पुढच्या वर्षी त्याच गावातून दहा पोरं हातमोजा मागायला येतात. खेळ काय आहे ते मागाहून कळतं. आबासाहेब नावाच्या एका पुढाऱ्यानं, कारखान्याच्या निवडणुकीत दोनदा आपटल्यावर, या बेसबॉलची जिल्हा लीग काढली. सहा संघ. दर मे महिन्यात सगळ्या तालुक्यांतून तीनशे-साडेतीनशे पोरं चाचणीला यायची आणि सहा संघांचे लोक आळीपाळीनं एकेकाचं नाव पुकारून पोरं वाटून घ्यायचे. नाव पुकारलं गेलं की पोराच्या बापाची छाती बघण्यासारखी व्हायची.

नाव पुकारलं म्हणजे सगळं झालं असं नव्हे. निवडलेल्या पोरांचं तीन आठवडे शिबिर व्हायचं, भिंगारच्या एका मैदानावर, आणि त्या तीन आठवड्यांत लीगनं पारखणीला नेमलेले फिलिप सर प्रत्येक पोराला पारखून त्याच्या नावापुढे तीनपैकी एक शब्द लिहायचे: ठेवा, बघू, परत. 'ठेवा' म्हणजे वसतिगृह, खुराक, पुढची दोन वर्षं पक्की. 'बघू' म्हणजे पुढच्या वर्षी या. आणि ज्याच्यापुढे 'परत' लिहिलं त्याचं नाव सरांनी कधी फळ्यावर लागू दिलं नाही. एस.टी.नं त्या पोराच्या घरी जायचं, आईबापासमोर उभं राहायचं आणि तोंडानं सांगायचं की याच्यानं हे होणार नाही, याचा वेळ वाया घालवू नका. शिव्याही खाल्ल्या त्यांनी. पण लेकराचं भवितव्य फळ्यावर चिकटवून आपण घरी चहा प्यायचा, हे त्यांच्या तत्त्वात बसायचं नाही.

आणखी एक काम त्यांच्याकडे होतं, ते म्हणजे वयचोरी पकडणं. सगळ्या खेळांत हा रोग आहे. एकोणीस वर्षांचा बाप्या सोळाचा दाखला घेऊन येतो आणि खऱ्या सोळाच्या पोरांना तुडवून जातो. सर त्याला शंभर पावलांवरून ओळखायचे. कागद बघायचेच नाहीत. मान, मनगटाचं हाड, चालताना टाच कशी टेकते, झालं. सात वर्षांत त्यांनी चाळीसेक जण असे परत पाठवले आणि एकदाही चुकले नाहीत.

आठव्या वर्षी चुकले. कर्जतहून प्रवीण नावाचा पोरगा आला होता, आडदांड, गालावर दाढीचे खुंट, आवाज फाटलेला. सरांनी एका नजरेत एकोणीस लिहिलं आणि परत पाठवलं. बाप जीप चालवणारा, हट्टी माणूस. त्यानं पोराच्या मनगटाचा एक्सरे काढून घेतला, हाडावरून वय कळतं ना, तसला. साडेपंधरा निघालं. तोवर लीग संपून गेली होती. बाप तो एक्सरे घेऊन पुढच्या चाचणीच्या दिवशी मैदानावर आला आणि साडेतीनशे पोरांसमोर सरांना म्हणाला की माझ्या पोरानं तेव्हापासून चेंडू हातात धरला नाही, तुमच्या नजरेला आता काय करू? सरांनी तिथंच हात जोडून माफी मागितली. आबासाहेबांनी लगेच बाजूला घेऊन गोड शब्दांत सांगितलं, की यापुढे डोळा बाजूला ठेवा, कागद बघा. कागद चुकला तर कागदाचा दोष, तुमचा चुकला तर माझ्या लीगचा. सर मान खाली घालून हो म्हणाले. त्या वर्षीपासून बाजारात मरियमबाईंना शरमायची वेळ आली नाही. सर मुकाट्यानं मेथी निवडायचे.

ज्या दिवशी ही माफी झाली त्याच दिवशी, त्याच मैदानावर, आदिनाथ धिंदळे चाचणीला उभा होता.

अकोले तालुक्याच्या डोंगरातला पोरगा. भंडारदऱ्याच्या पलीकडे वीस-बावीस घरांची वाडी, बाप वारलेला, आई चांगुणाबाई भाताची शेती करायची आणि मजुरीला जायची. भाताला आणि नागलीला वानरांचा त्रास, म्हणून हा पोरगा चालायला लागल्यापासून दगड मारत आलेला. वाडीच्या शाळेतले सुनील गुरुजी त्याला मोटरसायकलवर बसवून राजूरपर्यंत आणि तिथून एस.टी.नं नगरला घेऊन आले. पोरगा वाळका, हात मात्र लांब. त्यानं पहिला चेंडू फेकला आणि पकडणाऱ्यानं हातमोजा काढून तळहात चोळला. दुसरा फेकला तसे संघांचे लोक खुर्च्या सोडून उठले. दुसऱ्याच फेरीत त्याचं नाव पुकारलं गेलं.

फिलिप सरांनी त्याला बघितलं. पाय, खांदे, मनगट, तोंड. मनानं ताबडतोब सांगितलं, चौदा. त्यातही जेमतेम. मनगटं पोरीसारखी बारीक, आवाज कोवळा, ओठावर लव नाही. मग त्यांनी कागद मागितला. एक जून, आणि साल बघितलं तर वय सोळाला टेकलेलं. दहावीची परीक्षा देऊन आलेला.

एक जून बघून सरांना हसू आलं. या जिल्ह्यात निम्मी माणसं एक जूनला जन्मलेली आहेत, स्वतः सरसुद्धा. जन्माची नोंद नसली की गुरुजी शाळेत घालताना एक जून लावून टाकतात, साल अंदाजानं. अंदाज चुकतो हे शेंबड्या पोरालाही माहीत. पण खेळाच्या मैदानावर चूक म्हटली की ती एकाच बाजूची: वय चोरणारा ते कमी करतो. वाढवून कोण घेईल, आणि कशासाठी? लीगच्या नियमातही असंच होतं. जो थोराड दिसतो त्याचा एक्सरे. जो कोवळा दिसतो त्याचा एक्सरे काढा, असं कुणाच्या बापाला सुचलं नव्हतं. आणि प्रवीणच्या बापाचे शब्द अजून कानात होते. थोराड दिसणारा साडेपंधराचा निघू शकतो, तर कोवळा दिसणारा सोळाचा का नसेल? सरांनी आपल्या डोळ्याला गप्प बसवलं आणि वहीत सोळा लिहिलं.

या एका आकड्यावर पुढचं सगळं अवलंबून होतं, म्हणून तेवढं समजून घ्या. बेसबॉलमध्ये मातीच्या उंचवट्यावर उभा राहून समोरच्या फलंदाजाला चेंडू फेकतो तो पिचर, आणि सगळा सामना त्याच्या एका हातावर चालतो. कोवळ्या हाताला मोजून फेकी द्याव्या लागतात. सरांचा तक्ताच होता: चौदाला दिवसाकाठी पन्नास आणि मग दोन दिवस सुट्टी, सोळाला नव्वद आणि एक दिवस सुट्टी. हा तक्ता त्यांनी स्वतः बसवलेला होता, आणि पोरांच्या हातांची त्यांच्याइतकी काळजी जिल्ह्यात कोणी घेत नव्हतं. आदिनाथला नव्वद लागल्या.

पहिला आठवडा बरा गेला. पोरगा घरच्या आठवणीनं रडवेला व्हायचा, पण उंचवट्यावर चढला की वेगळाच. आबासाहेब रोज संध्याकाळी गाडी लावून त्याची फेक बघायला यायचे आणि सोबत कोणाकोणाला घेऊन यायचे. शेवटच्या दिवशी पुण्याचा एक संघ खेळायला येणार होता, त्यांच्यासमोर हाच पोरगा उभा करायचा, हे आबासाहेबांनी तेव्हाच ठरवून टाकलं.

दुसऱ्या आठवड्यात, दुपारच्या जेवणाला मटकीची उसळ आणि भाकरी होती. सर स्वतः वाढत होते. आदिनाथ खाता खाता थांबला, तोंडात बोट घालून काहीतरी चाचपलं आणि एक दाढ काढून तळहातावर घेतली. दुधाची दाढ, खालचं मूळ झिजून गेलेलं. शेजारची पोरं हसली. त्यानं ती तांब्यातल्या पाण्यानं धुतली आणि खिशात टाकली, घरी नेऊन कौलांवर फेकायला.

सर पळी हातात घेऊन तसेच उभे राहिले. सोळाव्या वर्षी दुधाची दाढ? छत्तीस वर्षांत किती पोरांचे दात त्यांच्या मैदानावर पडले होते, त्यांना काय ठाऊक नव्हतं? मग लगेच दुसरं मन बोलायला लागलं, की एखाद्याची उशिरा पडते, डोंगरातली पोरं, खाण्यापिण्याचे हाल, वाढ मागे राहते. आणि समजा आपण बोललो आणि पुन्हा चुकलो तर? पुन्हा एक बाप, पुन्हा एक एक्सरे? अहो, माणसाला एकदा चारचौघांत हात जोडायला लागले ना, की त्याला स्वतःच्या डोळ्यांची भीती वाटायला लागते. सरांनी पुढच्या ताटात उसळ वाढली.

घरी मात्र मरियमबाईंना सांगितलं. त्या म्हणाल्या की मग त्याच्या आईलाच विचारा ना, तिच्याएवढं कोणाला माहीत असणार. वाडीत फोन लागत नव्हता. सरांनी सुनील गुरुजींना फोन केला आणि फक्त एवढंच विचारलं, की आदिनाथचं वय बरोबर आहे ना? मग गुरुजी म्हणाले की दाखल्यात आहे तेच बरोबर, सर. आवाजात चाचरणं होतं, पण सरांनी त्याचा अर्थ लावला नाही. खरं सांगायचं तर त्यांना हेच उत्तर हवं होतं. त्यांना बरं वाटलं.

तिसऱ्या आठवड्यात चेंडूचा वेग कमी झाला. चार माणसांना ते कळलंही नसतं, सरांना कळलं. फेकताना कोपर खाली यायला लागलं होतं. सरांची एक पद्धत होती: कोपराच्या आतल्या बाजूला अंगठा ठेवून दाबायचं आणि पोराच्या डोळ्यांत बघायचं. पोरगा तोंडानं काहीही सांगो, पापणी खरं बोलते. त्यांनी आदिनाथचं कोपर दाबलं. पापणी हलली नाही. दुखतं का विचारलं तर म्हणाला, न्हाई सर. आता डोंगरातलं पोर ते, काट्यानं पाय फाटला तरी चुलीतली राख लावून कामाला जाणारं. त्याच्या घरात दुखणं सांगायची रीतच नव्हती. शिवाय दुखतंय म्हटलं तर 'परत' लिहितील ही धास्ती. सात दिवस तो पोरगा दुखरा हात घेऊन फेकत होता, हे नंतर बाकीच्या पोरांनी सांगितलं. रात्री हात उशीखाली दाबून झोपायचा.

सरांनी त्या संध्याकाळी त्याच्या नावापुढे लिहिलं: ठेवा. वय सोळा. दिवसाला नव्वद.

शेवटच्या दिवसाच्या सामन्यात एकाहत्तराव्या फेकीला आदिनाथच्या कोपरातून आवाज आला. वाळकी फांदी मोडावी तसा. चेंडू तीन हातांवर पडला. पोरगा ओरडला नाही. डाव्या हातानं उजवा हात धरून खाली बसला आणि त्याला वांती झाली.

नगरच्या एका दवाखान्यात हाडांच्या डॉक्टरनं एक्सरे उजेडावर धरला आणि पहिल्यांदा विचारलं ते हेच, की याला सोळाचा कोणी म्हटलं? हाडांच्या वाढीच्या जागा सगळ्या उघड्या आहेत. चौदा, किंवा त्याला दोन-तीन महिने कमीच. कोवळं हाड ओढून ओढून सुटलं होतं, सुटलेला तुकडा सांध्यात जाऊन अडकला होता, आणि त्याच्याजवळून जाणारी नस चिरडली होती. आठवडाभर आधी थांबवलं असतं तर विश्रांतीनं जमलं असतं, असं डॉक्टर म्हणाले. त्यांनी कोणावर ठपका ठेवला नाही, फक्त सांगितलं.

ऑपरेशन झालं. आबासाहेबांनी त्यात काही कमी पडू दिलं नाही, हे मान्यच केलं पाहिजे. दुसऱ्या दिवशी सुनील गुरुजी चांगुणाबाईंना घेऊन आले. बाई पोराच्या उशाशी बसल्या आणि गुरुजी सरांना घेऊन बाहेर पायऱ्यांवर आले आणि एकदम रडायला लागले. दहा वर्षांपूर्वी वाडीची शाळा बंद होणार अशी हवा होती. पट कमी, पोरं नाहीत. पुढची शाळा डोंगर उतरून ओढ्यापलीकडे, पावसाळ्यात जाणं अशक्य. गुरुजींनी घरोघर फिरून तीन लहान पोरं गोळा केली, चार-चार वर्षांची, आणि सहाची म्हणून पहिलीत घातली. एक जून लावला आणि साल दोन मागचं. सगळ्या वाडीला माहीत होतं, आयांनी राजीखुशीनं अंगठे दिले होते. शाळा वाचली. गुरुजी म्हणाले, "सर, तुम्ही फोन केला तेव्हा मला वाटलं तुम्हाला याचं वय जास्त वाटतंय, आणि चौकशी लागली तर शाळा जाईल. कमी वाटतंय म्हणून विचारताय हे डोक्यातच आलं नाही हो."

सरांनी त्यांच्या पाठीवर हात ठेवला. रागावणार कोणावर? एकानं शाळा वाचवायला दोन वर्षं वाढवली होती आणि दुसऱ्यानं आपली अब्रू वाचवायला ती खरी मानली होती. पहिल्याचं कारण तरी चांगलं होतं.

सरांनी आपला अहवाल लिहिला. इतकी वर्षं एका शब्दात काम भागायचं, या वेळी दोन पानं झाली. मुलाच्या शरीरावरून वय चौदा दिसत होतं. मला ते पहिल्या दिवशी दिसलं आणि नंतर दाढ पडली तेव्हा पुन्हा दिसलं. मी कागद मानला आणि सोळाच्या फेकी दिल्या. मुलाचा दोष नाही, चूक माझी. खाली सही केली आणि स्वतः नेऊन आबासाहेबांच्या हातात दिली.

पंधरा दिवसांनी खेळाच्या समितीचं पत्र आलं. आदिनाथ धिंदळे, जन्मतारखेत तफावत, खेळाडूवर दोन वर्षं बंदी. शिवाय गुरुजींची चौकशी. सर तडक आबासाहेबांकडे गेले आणि माझी दोन पानं कुठं आहेत म्हणून विचारलं. आबासाहेब तापले नाहीत, त्यांनी चहा मागवला. "उजागरे सर, तुम्ही लिहिलं ते खरंच होतं. मी फक्त थोडक्यात पाठवलं," ते म्हणाले. लीगवर आलं असतं तर उद्या तीनशे पोरांचं दार बंद झालं असतं, हेही त्यांनी समजावलं. सरांनी समितीला वेगळं पत्र टाकलं, आठवण करून दिली, पुण्याला जाऊन एका टेबलासमोर दोन तास बसून आले. टेबलापलीकडचा माणूस म्हणाला की दाखला खोटा होता की नव्हता, एवढंच सांगा. दाखला खोटाच होता. सरांनी त्या दिवशी लीगचं काम सोडलं. त्यानं कोणाचं काही अडलं नाही. महिन्याभरात दुसरा माणूस नेमला गेला, कागद बघणारा.

आता राहिलं होतं एकच, घरी जाऊन सांगणं. डॉक्टरांनी शेवटच्या तपासणीत सरांना बाजूला घेऊन स्पष्ट केलं होतं: हात पूर्ण सरळ होणार नाही, करंगळी आणि तिच्या शेजारचं बोट बधिर ते बधिरच, चेंडू फेकणं कायमचं संपलं. चांगुणाबाईंना त्यांनी हात जपा एवढंच सांगितलं होतं. बाकीचं तुम्ही त्यांच्या भाषेत सांगा, म्हणाले. सर दोन महिने टाळत राहिले. छत्तीस आणि नऊ, पंचेचाळीस वर्षांत त्यांनी कधी असं टाळलं नव्हतं. शेवटी ऑगस्टमध्ये मरियमबाईंनीच पिशवी भरली, वर एक शर्ट ठेवला त्या पोरासाठी, आणि म्हणाल्या की जाऊन या, रोज जेवताना तुमचा हात थांबतो ते मला बघवत नाही.

सकाळची एस.टी., संगमनेर, अकोले, राजूर, आणि पुढं जीप. वाडीत पोहोचेपर्यंत एक वाजून गेला. भात कमरेला लागला होता. आदिनाथनं सरांना लांबून ओळखलं आणि धावत आला, उजवा हात कोपरात मुडपून पोटाशी धरलेला. चांगुणाबाईंनी हात धुऊन चहा टाकला, घोंगडी अंथरली. सरांनी शर्ट दिला. तो मोठा झाला पोराला. बाई म्हणाल्या, व्हईल त्याच्या अंगाचा.

सर बोलायला तोंड उघडणार तोच आदिनाथनं दप्तरातून समितीचं पत्र काढलं. त्याला आनंद झालेला दिसत होता. पोरानं सगळा हिशेब करून ठेवला होता. बंदी दोन वर्षांची. आता तो खरा चौदाचा. म्हणजे बंदी सुटेल तेव्हा खरा सोळाचा होईल, आणि मग कोणी नाव ठेवायला नको.

"बराबर बसतंय सर," तो म्हणाला. "तवर हात बी बरा व्हतोय. मी रोज चिंधीचा चेंडू दाबतो. तवा तुमी याल ना मला घ्यायला?"

सरांनी त्याचा उजवा हात आपल्या हातात घेतला. करंगळीला नख लावून बघितलं. पोराला कळलंसुद्धा नाही. येईन म्हणावं, दोन वर्षांनी पोरगा आपोआप समजून घेईल, असं एक क्षण त्यांच्या मनात आलंच. पण ते त्यांच्यानं झालं नाही. त्यांनी पोराला सांगितलं, आईसमोर, जसं इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आले तसं. की आदिनाथ, हा हात आता चेंडू फेकणार नाही. दोन वर्षांनीही नाही आणि दहा वर्षांनीही नाही. हा सरळच होणार नाही. शाळा सोडू नकोस, डाव्या हातानं लिहायला शीक, मी लागेल ते करीन.

आदिनाथनं पत्राची घडी घातली, एका हातानं, आणि ती नीट बसेना म्हणून पुन्हा उघडून पुन्हा घातली. मग मान वर केली.

"सर, येक विचारू? पोरं म्हनायची, सरांना नुसतं बघून वय कळतं. माझं न्हाई कळलं?"

सरांकडे उत्तरं होती. कागदावर सोळा होतं. गुरुजींनी फोनवर हो म्हटलं होतं. आबासाहेबांची सूचना होती, कर्जतच्या बापानं चारचौघांत इज्जत काढली होती. यातलं एकही खोटं नव्हतं, आणि येताना जीपमध्ये त्यांनी ती सगळी मनाशी म्हणून पाहिली होती.

"कळलं होतं," सर म्हणाले. "पहिल्याच दिवशी."

चांगुणाबाई चुलीजवळून उठल्या. सरांच्या पुढ्यातला चहा अजून अर्धा होता, तो कप त्यांनी उचलला आणि पदर सावरून दारात उभ्या राहिल्या.

"उठा आता, सर," त्या म्हणाल्या. "शेवटची जीप चारला हाय."

घड्याळात तेव्हा दोन वाजायचे होते.